शेवटच्या ओळीखाली

नान्ना जकार्डची कार्डं पंच करायचे, साखर पेठेत.
भोक असेल तिथे सुई शिरते, दोरा उचलला जातो.
नसेल तिथे दोरा खालीच राहतो, बस्स.
चादरीवरचा मोर म्हणजे एवढंच, ते म्हणायचे,
कुणाला वर येऊ दिलं, कुणाला नाही.

मी बसते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत,
टॉवेलच्या कारखान्यात, राउटरसमोर.
मीही तेच करते, भोकांऐवजी ओळींनी.
हिशेबाच्या संगणकांना सर्व्हरपर्यंत जाऊ दे.
डिझाइनवाल्यांना फक्त त्यांच्या फायलींपर्यंत.
पाहुण्यांच्या वायफायला बाहेरचं सगळं जग, आतलं काहीच नाही.
पाकीट येतं कपाळावर पत्ता घेऊन,
कुठून निघालं, कुठे चाललं, कोणतं दार हवंय.
राउटर वरून वाचत खाली येतो
आणि पहिली जुळलेली ओळ सापडली की निकाल.
त्याखाली काय लिहिलंय
ते तो डोळा उचलूनही बघत नाही.
आणि सगळ्यात खाली एक ओळ असते
जी मी लिहिलेली नाही, कुणीच नाही,
यादी छापली तरी दिसत नाही.
उरलेल्या सगळ्यांना: नको.

परवा रात्री विडी घरकुलातल्या खोलीतून
नवी यादी चढवली. अकरा चाळीस.
सगळ्यांची आठवण ठेवली होती,
डाइंगची, पॅकिंगची, हजेरीच्या यंत्राचीसुद्धा.
एंटर दाबलं
आणि पडदा थिजला.
स्वतःला लिहायचं राहिलं होतं.
लेबलांचा प्रिंटरही राहिला होता,
आणि पहाटे कंटेनर निघायचा.

गेटवर मौलालीभाई.
टॉर्चच्या उजेडात शंभर पानी वही,
बोट वरून खाली सरकत जातं.
"तुमचं नाव न्हाई की हो, बाई."
अहो, मी रोज सकाळी येते, तुम्हीच सलाम करता.
"सकाळची वही येगळी. ही धानंतरची."
साहेबांचा फोन बंद.
मी चिडले, मग गप्प झाले,
मग मला हसू आलं, आणि त्याला वाटलं मी रडतेय,
म्हणून त्याने थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला.
गेटच्या सळयांमधून.

वहीत तिसऱ्या ओळीवर बॉयलरचा इरण्णा होता.
तो आत होता. तो चालणार होता.
आणि मला आठवलं, यादी मी जतन केलेली नाही.
चालू आहे, पण लिहून ठेवलेली नाही.
वीज गेली की राउटर ती विसरेल,
जुनीच खरी मानून उठेल.
फोनवर सांगितलं: कपाट उघड, काळा डबा, हिरवे दिवे,
मागची जाड वायर. हां, तीच.
काढ. वीस मोज. परत लाव.
आणि ऐकत राहिले, ओंदु, एरडु, मूरु,
कन्नडात मोजत होता,
मागे बॉयलरचा श्वास.
चार मिनिटं काहीच नाही.
मग प्रिंटरची खरखर फोनमधून,
"आलं बघा, आलं," इरण्णा म्हणाला,
काय आलं ते त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यादी नव्याने लिहिली,
सगळ्यात वर स्वतःला.
चढवण्याआधी राउटरला बजावलं,
दहा मिनिटांत माझा आवाज आला नाही
तर तुझा तूच बंद हो, परत उठ.

संध्याकाळी साहेबांची चिठ्ठी घेऊन गेटवर गेले.
मौलालीभाईंनी चष्मा चढवला,
जीभ दाताखाली धरून, सावकाश, वळणदार अक्षरात
माझं नाव लिहिलं: भाग्यलक्ष्मी येमूल.
वही फिरवून दाखवली.
वर अधोरेखित ओळ होती,
"बाकी कुनालाबी सोडू नये."
नाव तिच्याखाली.

"झालं तुमचं काम," ते म्हणाले.
मी म्हटलं, मौलालीभाई,
जरा वरच्या बाजूला जागा आहे का?